उलट्या चकत्या

आमच्या घरातले सगळे खोके कधीच उघडले गेले नाहीत. नव्या गावी पोचलं की आई आधी देव काढायची, मग कुकर, मग मसाल्याचा डबा. उरलेल्या खोक्यांवर चादर घालून ती त्यांचं टेबल करायची. "उघडून काय करायचंय? परत बांधायचेच आहेत," म्हणायची, आणि तिचं खरं ठरायचं. ओहायो झालं, पेनसिल्व्हेनिया झालं, मिशिगन झालं, आणि मग विस्कॉन्सिनमधलं नदीकाठचं ते गाव आलं, ज्याच्याबद्दल मला लिहायचंय. मी कुठल्याच शाळेत जुनी झाले नाही. दर ठिकाणी आपलं नाव नव्याने उच्चारून दाखवायचं, दर ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत हातात ट्रे घेऊन कुठे बसायचं ते शोधायचं. आता साठी उलटली, ईडन प्रेरीतल्या या एकाच घरात कित्येक वर्षं राहतेय, तरी वर्षातून दोनदा सोफा इकडचा तिकडे केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं नवरा म्हणतो. ती मी आणलेली नाही, मला लावून दिलेली आहे.

बाबा बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होते. हे वाक्य आज किती सहज लिहिलं! आईने ते आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही. गणपतीला आम्ही तासन्‌तास गाडी चालवून मोठ्या शहरातल्या मंडळात जायचो, तिथे कोणी काकू विचारायच्या, "तुमचे मिस्टर कशात आहेत?" आई म्हणायची, "फूडमध्ये." "म्हणजे बिस्किटं वगैरे का?" "हो, धान्याचंच असतं काहीतरी," म्हणत आई लगेच मोदकांची चौकशी करायला लागायची. खोटं ती बोलत नव्हती. बाबांच्या कोटाला भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास यायचा आणि तो वास, आईनेच एकदा कबूल केलं, तिला तिच्या माहेरच्या न्याहारीची आठवण करून द्यायचा. घरी बाबा थेंबाला शिवत नसत. कारखान्यातून आले की गॅरेजमध्येच कोट काढायचे, आंघोळ करायची, मगच देवघराकडे जायचं, हा आईचा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं.

दर घरी बाबांचा एकच खोका मात्र पहिल्या दिवशी उघडायचा. तरुणपणी ते बव्हेरियात बिअर बनवण्याचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथे म्हणे सायकलवरून दुपारभर हिंडलं तरी वाटेत प्रत्येक खेड्याची आपापली ब्रुअरी लागायची, आणि एका गावची बिअर दुसऱ्या गावचा माणूस नाक मुरडूनच प्यायचा. ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या बाबांनी तिथून जमवल्या होत्या. कशावर अस्वल, कशावर भिक्षू, कशावर नुसता बुरूज. बेसमेंटच्या भिंतीवर ते त्या टाचणीने ओळीने लावायचे. नव्या वर्षाला तिकडच्या वर्गमित्राचा फोन यायचा. बाबा जर्मनमध्ये बोलायचे, हसायचे, मग त्यांचा आवाज बारीक व्हायचा. फोन ठेवून ते खाली जायचे आणि एखाददुसरी चकती काढून, उलटी करून, परत तिथेच लावायचे. उलटी म्हणजे ती ब्रुअरी गेली. कोणा मोठ्या कंपनीने विकत घेतली, बिअरचं नाव तेवढं ठेवलं आणि गावातला कारखाना बंद केला. मी लहान होते तेव्हा त्या भिंतीवर सगळी चित्रं होती. मी मोठी होत गेले तशी भिंत पांढरी होत गेली.

आणि गंमत अशी, गंमत कसली, पण बाबांचा पगार तसल्याच उलट्या चकत्यांतून यायचा. युरोपातली एक बडी कंपनी इकडच्या लहान लहान ब्रुअऱ्या एकामागून एक घेत सुटली होती. गावची बिअर गावात बनवणं महाग पडतं, ती चार राज्यं पलीकडच्या अवाढव्य कारखान्यात बनवली तर स्वस्त पडते. फक्त पिणाऱ्याला फरक कळता कामा नये. तो कळू न देणं हे बाबांचं काम होतं. ते गावात येऊन राहायचे, तिथलं पाणी, तिथलं यीस्ट, तिथल्या टाक्यांची ऊब सगळं शिकून घ्यायचे आणि मोठ्या कारखान्यात तीच चव उभी करायचे. झालं असं वाटलं की मग तीन ग्लासांची परीक्षा. तीन काळे ग्लास, तांबडा दिवा, म्हणजे रंगही दिसायला नको. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. गावच्याच जुन्या चाखणाऱ्यांनी वेगळा ग्लास दाखवायचा. त्यांना तो दाखवता आला तर बाबांनी पुन्हा खटपट करायची. नाही दाखवता आला, तर काही महिन्यांत गावच्या कारखान्याला कुलूप आणि आम्हाला पुढचं गाव. इतकी गावं बदलल्यावर मला हे गणित पाठ झालं होतं. माझे बाबा हुशार होते म्हणून मला मैत्रिणी नव्हत्या.

विस्कॉन्सिनचं ते गाव मला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच माझा जीव सारखा टांगणीला लागलेला असायचा. आठवड्यातून दोन-तीनदा कारखान्यात धान्य शिजायचं आणि गोडसर, खरपूस वास गावभर पसरायचा. दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्याच सुमाराला आमच्या कुकरची शिट्टी, आणि शेजारचा कुत्रा दोघांना उत्तर द्यायचा. तो कुत्रा वॉल्टचा. वॉल्ट शाळा सुटल्यापासून कारखान्यात होता, आधी टाक्या धुवायचा, आता मुख्य ब्रुअर. त्याची बायको मार्ज, आणि मुलगी जेनी, माझ्याच वर्गातली. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारलेली आईला मुळीच पसंत नव्हती, त्यामुळे मी त्यांना वॉल्टकाका आणि मार्जकाकू म्हणायची. वॉल्टकाकांना ते एवढं आवडलं की कारखान्यातही लोक त्यांना चेष्टेने 'काका' म्हणायला लागले.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी मार्जकाकू निळ्या फुलांच्या काचेच्या भांड्यातून हॉटडिश, म्हणजे तिकडचा ओव्हनमध्ये भाजलेला खिचडा, घेऊन आली. आत टूना मासा, आणि आम्ही शाकाहारी. आईने हसून 'थँक यू, थँक यू' म्हणत ते घेतलं, दार लावलं, आणि हात शक्य तितका लांब धरून बाबांना म्हणाली, "अहो, हे तुमच्या ऑफिसात कोणाला तरी द्या." भांडं घासून झाल्यावर पेच पडला. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. म्हणून आईने त्यात शिरा भरून पाठवला. मार्जकाकूला वाटलं, हिने शिरा भेट दिला, आता आपणही काही द्यायला हवं. मग तिने त्यातून ब्राउनी पाठवल्या. आई म्हणाली, "आता परत रिकामं कसं देऊ?" आणि लाडू गेले. ते भांडं वर्षभर कुंपणावरून ये-जा करत होतं. एकदा मार्जकाकूने हात टेकले आणि विचारलं, "शॅली, हे आपण थांबवायचं कसं?" आईचं नाव शालिनी. आईला प्रश्नच कळला नाही. थांबवायचं कशाला?

बाबांना गावाने टाळलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. केमिस्ट आला की पाठोपाठ कुलूप येतं, हे वॉल्टकाकांना माहीत होतं. एकदा अंगणात पानं गोळा करताना ते मला म्हणाले होते, "तुझा बाप चांगला माणूस आहे, नीलू. पण मी त्याला हरवणार." मी म्हटलं, "आय होप सो, काका." ते खदखदून हसले. मी थट्टा करत नव्हते. माझं शाळेचं शेवटचं वर्ष यायचं होतं, जेनीबरोबर बँडमध्ये माझी जागा पक्की झाली होती, आणि जन्मात पहिल्यांदा मी माझे खोके सगळे उघडले होते. बाबा नापास व्हावेत म्हणून मी आईच्या देवांपुढे हात जोडायची, आणि जोडताना इकडेतिकडे बघायची.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी बाबांनी खालून हाक मारली. "नीलू, खाली ये. नाक घेऊन ये बरोबर." नाक ही आमची खानदानी इस्टेट. रविवारी ताकाच्या तीन वाट्या मांडून एकीत चिमटीभर हिंग जास्त घालायचं आणि मला ओळखायला लावायचं, हा बाबांचा आवडता खेळ होता. आई वैतागायची, पण माझी वाटी कधी चुकली नाही. त्या दिवशी बेसमेंटमध्ये त्या पांढऱ्या चकत्यांखाली तीन काळे ग्लास होते. "प्यायचं नाही. नुसता वास." पहिला. दुसरा. तिसरा. मी परत पहिला घेतला, पण उगाच. तिसऱ्यात अगदी मागे, हाताच्या उबेने ग्लास कोमट झाल्यावर, पिकलेल्या पेअरचा वास होता. कोणी फळ कापून शेजारच्या खोलीत ठेवावं तेवढाच.

"थर्ड वन," मी म्हटलं.

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट. बाबा, इट्स सो ऑब्व्हियस!"

ऑब्व्हियस नव्हतं. पण मला इतका आनंद झाला होता की मी उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या होत्या. बाबांनी ग्लास आपल्या नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाले, "हं. तिकडच्या मोठ्या टाकीत घाई होते, तिचाच हा वास." मग तिन्ही ग्लास धुऊन टाकले. मी वर जाऊन आईला सांगितलं, "वुई आर नॉट मूव्हिंग." आईने वर्षभर चादरीखाली असलेला एक खोका ओढला आणि त्यातून हळदीकुंकवाच्या चांदीच्या वाट्या काढल्या. त्या मी नऊ-दहा वर्षांची असताना शेवटच्या पाहिल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी जेनीकडे होते. मार्जकाकू सफरचंदं सोलत होती आणि सालं परत परत गोळा करत होती. दुपारचा भोंगा झाला, कुत्रा रडला. थोड्या वेळाने वॉल्टकाका मागच्या दाराने आले, खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. सगळ्या नाड्या सोडल्या, बूट मात्र काढले नाहीत.

"कोणालाच नाही जमलं," ते म्हणाले. "एकालाही नाही."

मार्जकाकू म्हणाली, "पण तू, वॉल्ट?"

"मी चुकीचा दाखवला." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मग त्यांनी विचारलं, यातली तुमची कुठली वाटते? मला जी सगळ्यांत चांगली लागली ती मी उचलली. म्हटलं, ही आपली. ती त्यांची निघाली."

जेनीने माझ्याकडे बघितलं नाही. मी कुंपणापर्यंत चालत गेले आणि तिथून पळत घरी आले. आईला सांगितलं. चांदीच्या वाट्या तिने पुसून पुन्हा कागदात गुंडाळल्या. मग ओट्याकडे बघून ती थांबली. निळ्या फुलांचं भांडं त्या आठवड्यात आमच्याकडे होतं.

तिने रवा भाजायला घेतला. बाबा घरी आले होते, आंघोळ करून नुसते उभे होते. म्हणाले, "आज नको पाठवू, शालू. आजच्या दिवशी ते बरं दिसायचं नाही."

"का नाही दिसायचं? तुमच्या कंपनीचं भांडं आहे का ते? माझ्या शेजारणीचं आहे." आईचा आवाज चढला. "रिकामं मी देणार नाही, आणि दडवून ठेवायला मी चोर नाही. नीलू, दिवे लागायच्या आत देऊन ये."

वॉल्टकाका मागच्या पायरीवर बसले होते. मी भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. गरम होतं, त्यांनी खालून टोपी घातली. म्हणाले, "तुझे बाबा सांगतात, तुझं नाक त्यांच्यापेक्षा तेज आहे. त्यांनी तुला वास दिला होता का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुला ओळखू आली असती का गं? वेगळी कुठली ते?"

सगळं आयुष्य त्या कारखान्यात काढलेला माणूस सोळा वर्षांच्या मुलीला हे विचारत होता, आणि तिच्या उत्तराची वाट बघताना त्याने श्वास धरला होता. मी म्हटलं, "नो, काका. नोबडी कुड हॅव." त्यांनी श्वास सोडला. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बोटाने शिरा उचलून तोंडात टाकला. म्हणाले, "हे मात्र मी कुठेही ओळखीन." मला तेव्हा बाबांचा इतका राग आला होता की घरी जाताना मी कुंपणाच्या फळीला लाथ मारली.

राग मी दुसऱ्या दिवशी गाडीत काढला. "यू न्यू! तुम्हाला कळली होती. आय टोल्ड यू थर्ड वन, आणि तुम्हीही बघितलंत. मग परीक्षेला का पाठवलीत?" बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी कंपनीवाल्यांना सांगितलं, अजून फरक आहे. त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकाला कळेल? खोटं कसं बोलू? म्हटलं, नाही कळणार. मग म्हणाले, बास तर." शाळा आली. मी उतरायला लागले तेव्हा म्हणाले, "नीलू, कोणाला तरी कळेल अशी मला आशा होती गं. वॉल्टला तरी." त्यांचे डोळे भरले होते. बाबांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या वेळीही न पाहिल्यासारखं करून मी दार लावलं.

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी मार्जकाकू ते भांडं घेऊन आली. आत ॲपल पाय होता. तिने ते मागच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवलं आणि आईला म्हणाली, "आता तुझी पाळी, शॅली." रडत होती आणि हसतही होती. आम्ही न्यू जर्सीला गेलो, आयसेलिनजवळ, जिथे भाजीपासून सोन्यापर्यंत सगळं आपल्या माणसांकडून मिळायचं आणि आईला मराठी बोलायला शेजारणी मिळाल्या. तरी पोस्टाने ते भांडं पाठवायचं तिने ऐकलं नाही. काचेचं, फुटेल, आणि शिरा कसा पाठवणार? शेवटच्या आजारपणातही तिने मला दोनदा आठवण केली, "मार्जचं भांडं राहिलं गं."

आता बाबा माझ्याकडे असतात. त्यांच्या खोलीत चकत्यांची भिंत आहे, आणि ती जवळजवळ पूर्ण पांढरी आहे. मी त्यांना म्हणते, बाबा, आता पुन्हा लहान ब्रुअऱ्या निघाल्यात, तिकडे युरोपातही, इकडे तर गल्लोगल्ली. त्यांना घेऊन दुकानात गेले तर भिंतभर कॅन, कशावर मासे, कशावर ट्रॅक्टर. बाबा भिंग घेऊन कॅन मागून वाचतात आणि बारीक अक्षरांतलं तेच ते मालकाचं नाव मला दाखवतात. पण सगळेच तसे नाहीत, खरोखरच नवे आहेत त्यातले पुष्कळ. बव्हेरियातल्या वर्गमित्राच्या नातवाने आपल्या खेड्यात पुन्हा बिअर सुरू केली तेव्हा मी म्हटलं, "आता ती चकती सुलटी करा की." बाबा म्हणाले, "नवी निघाली, चांगलं झालं. गेली ती गेलीच."

मागच्या ऑक्टोबरात मी शिरा केला, आईच्या प्रमाणात, निळ्या फुलांच्या भांड्यात भरला, आणि एकटी गाडी काढून त्या गावाला गेले. जेनीला फोन केला होता. वॉल्टकाका आणि मार्जकाकू दोघंही आता नाहीत. कारखान्याच्या एका कोपऱ्यात जेनीच्या मुलीने छोटी ब्रुअरी काढलीय, चार टाक्या आणि लाकडी बाकं. जेनीने भांडं ओळखलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मला बसवून माझ्यापुढे ग्लास ठेवला.

"अवर बिअर," ती म्हणाली. "डॅडची. पाककृती मिळाली, पण चव जुळत नव्हती. जुन्या लोकांना बोलावून पाजली, त्यांनी सांगितलं तसं बदलत गेलो. दोन वर्षं लागली. डॅड जायच्या आधी त्याने चाखली. रडला तो, नीलू. म्हणाला, हीच."

मी ग्लास हातात धरून कोमट होऊ दिला. गावचा कारखाना बंद झाल्यावर त्या नावाची बिअर कितीतरी वर्षं त्या दूरच्या कारखान्यातून येत होती, आणि गाव तीच पीत होतं. त्यांच्या जिभेवर राहिली असेल ती तिकडचीच चव. जेनी आणि तिची मुलगी माझ्याकडे बघत होत्या. मागे, अगदी मागे, शेजारच्या खोलीत कोणी पेअर कापून ठेवलं होतं.

"हीच," मी म्हटलं. "एक्झॅक्टली धिस."

निघताना जेनीने शिरा काढून घेतला, भांडं धुतलं आणि त्यात दोन कॅन आणि एक चकती ठेवून माझ्या हातात परत दिलं. "रिकामं कसं देऊ?" म्हणाली.

घरी आल्यावर मी बाबांना काही सांगितलं नाही. चकती त्यांच्या टेबलावर ठेवली, गावचं जुनं चित्र वर करून, आणि ग्लासात थोडी ओतून दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले. ग्लास कोमट होईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

"वॉल्टची नाही ही," ते म्हणाले. "माझी आहे."

मग त्यांनी चकती उलटी केली आणि तिच्यावर ग्लास ठेवला.